दातांत पेन, सतरा प्रयोगशाळा

पेन समोरच्या दातांत धरा. ओठ त्याला लागू देऊ नका. गाल वर सरकतात, तोंडाच्या कडा मागे ओढल्या जातात. हसताना जे स्नायू राबतात तेच आत्ता राबू लागतात, आणि तुम्हाला हसायला तर कुणी सांगितलेलं नसतं. आता तेच पेन नुसत्या ओठांत आवळून धरा. चेहरा रुसल्यासारखा होतो. हसू म्हटलं तरी हसता येत नाही.

१९८८ साली फ्रिट्झ स्ट्राक, लेनर्ड मार्टिन आणि सबिने स्टेपर या तिघांनी ९२ विद्यार्थ्यांना असं पेन धरायला लावलं. हात न वापरता अपंग व्यक्तींना कामं कशी करता येतील ते आम्ही पाहतोय, अशी थाप त्यांना मारली होती. तोंडातल्या पेनानं रेघा जोडा, अक्षरं अधोरेखित करा, असं करत करत शेवटी गॅरी लार्सनची व्यंगचित्रं समोर ठेवली आणि ती किती गमतीदार वाटली याला शून्य ते नऊ गुण द्यायला सांगितलं. दातांत पेन धरलेल्यांनी ओठांत धरलेल्यांपेक्षा सरासरी ०.८२ गुण जास्त दिले. मन खूश झालं की चेहरा हसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेहरा हसरा केला की मनही थोडं खूश होतं, असं हा प्रयोग सांगत होता.

कल्पना झकास, मांडणी चतुर आणि खर्च जवळजवळ शून्य. प्रयोग पाठ्यपुस्तकांत गेला, वर्गावर्गांत सांगितला जाऊ लागला. ‘उसनं का होईना, हसा, बरं वाटेल’ या सल्ल्याला शास्त्राचा आधार मिळाला. पण हाच प्रयोग, जसाच्या तसा, मोठ्या संख्येवर करून पाहायला पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं कुणी बसलं नाही.

यात कुणाची लबाडी नव्हती. मानसशास्त्राचा कारभारच असा चालत आला होता. एक प्राध्यापक, त्यांचे दोन-तीन संशोधक विद्यार्थी, आणि प्रयोगाला बसायला त्याच विद्यापीठातली पहिल्या वर्षाची मुलं. पन्नास-शंभर जणांवर काम भागायचं. निष्कर्ष नवा आणि चटकदार असेल तर नियतकालिक छापायचं. ‘त्यांनी केलेलं आम्ही पुन्हा केलं, तेच आलं’ किंवा ‘काहीच आलं नाही’ अशा लेखाला दारात उभं करत नसत. त्यामुळे फसलेले प्रयोग टेबलाच्या खणात राहायचे आणि जमलेले तेवढे जगापुढे यायचे.

२०११ चा तडाखा

ही घडी २०११ साली विस्कटली. कॉर्नेल विद्यापीठातले नावाजलेले मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग आणि हजारावर सहभागी यांच्या जोरावर दावा केला की माणसाला पुढे घडणाऱ्या गोष्टींची चाहूल आधीच लागते. हा लेख व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक मानसशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. पंचाईत अशी की बेम यांनी वापरलेली पद्धत नेहमीचीच होती. निष्कर्ष अशक्य वाटत असेल तर पद्धतीवर बोट ठेवावं लागणार होतं, आणि पद्धत तर सगळ्यांचीच तीच.

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे डिडरिक स्टापेल आकडे घरी बसून तयार करत होते, हे उघड झालं. पुढे त्यांचे ५८ लेख मागे घेतले गेले. आणि त्याच वर्षी जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सायमनसन या तिघांनी मुद्दाम एक वेडावाकडा निष्कर्ष काढून दाखवला: बीटल्सचं ‘व्हेन आय अ‍ॅम सिक्स्टी-फोर’ हे गाणं ऐकलं की माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षानं कमी होतं! आकडे खोटे नव्हते. फक्त कुणाला वगळायचं, कुठे थांबायचं, कोणते निकाल सांगायचे हे सगळं डेटा हातात आल्यावर ठरवलं होतं. एवढी मोकळीक घेतली तर काहीही सिद्ध होऊ शकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. स्टापेलपेक्षा हा तिसरा धक्का जास्त खोल गेला. लबाड माणूस हजारात एखादा. पण अशी मोकळीक नकळत सगळेच घेत होते.

२०१२ मध्ये नोबेलविजेते डॅनियल कानमन यांनी आपल्याच क्षेत्रातल्या सहकाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं. प्रयोगशाळांची साखळी करा, एकीनं दुसरीचे प्रयोग तपासावेत, असं त्यांचं सांगणं होतं. व्हर्जिनिया विद्यापीठातले ब्रायन नोसेक यांनी अशी तपासणी त्याआधीच सुरू केली होती. २००८ साली तीन प्रमुख नियतकालिकांत छापलेल्या अभ्यासांमधून निवडलेले १०० प्रयोग २७० संशोधकांनी वाटून घेतले आणि पुन्हा केले. निकाल ऑगस्ट २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत टिकला. परिणामाचा सरासरी आकार निम्म्यावर आला.

गदारोळ झाला. हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट यांच्यासारख्या मोठ्या नावांनी पुढच्याच वर्षी या मोजणीवर हरकत घेतली: प्रयोग जसाच्या तसा केलाच नाही, जागा बदलली, माणसं बदलली, मग निकाल बदलला यात नवल ते काय? मुद्दा बिनतोड नसला तरी टाकाऊही नव्हता. १०० प्रयोग एकेकदा तपासण्याऐवजी एकच प्रयोग पुष्कळ ठिकाणी, एकाच वेळी, एकाच पद्धतीनं केला तरच त्याचा निकाल लागणार होता.

एकच नियम, अनेक गावं

२०१४ च्या ‘मेनी लॅब्ज’ प्रकल्पानं त्याआधीच नेमकं हेच केलं होतं. १३ परिणाम निवडले, ते एका संगणकीय बैठकीत बसवले, आणि १२ देशांतल्या ३६ गटांवर, एकूण ६,३४४ माणसांवर, तोच संच चालवला. १३ पैकी १० परिणाम टिकले. दुसरी फेरी २०१८ मध्ये आली: २८ परिणाम, ३६ देश-प्रदेश, १५,३०५ सहभागी. या वेळी निम्म्याच्या आसपास टिकले. टिकलं-पडलं याच्या बातम्या झाल्या, पण जास्त मोलाची गोष्ट वेगळीच होती. जो परिणाम टिकला तो बहुतेक ठिकाणी टिकला, आणि जो पडला तो बहुतेक ठिकाणी पडला. ‘आमच्याकडे येतो, तुमच्याकडे वातावरण निराळं’ ही पळवाट बरीच अरुंद झाली.

पेनचा प्रयोग मात्र इतक्या सरळपणे मिटला नाही. तो तपासायला घ्या असं खुद्द स्ट्राक यांनीच सुचवलं होतं. अ‍ॅमस्टरडॅमचे एरिक-यान वाखेनमाकर्स यांच्या पुढाकारानं १७ प्रयोगशाळांनी तो केला. १,८९४ सहभागींचा डेटा जमला. पेन नीट धरलं होतं की नाही ते नंतर तपासता यावं म्हणून प्रत्येकासमोर कॅमेरा लावला होता. २०१६ मध्ये निकाल लागला: ०.८२ चा फरक ०.०३ वर आला होता. म्हणजे नसल्यातच जमा.

स्ट्राक यांनी कॅमेऱ्यावरच बोट ठेवलं. आपल्याला कुणी पाहतंय असं कळलं की माणूस आतल्या भावनेकडे कमी आणि आपण कसे दिसतोय याकडे जास्त लक्ष देतो. पेन तोंडात धरून कॅमेऱ्यासमोर बसलेल्याला कसलं हसू येणार? ही सबब की तर्क, ते ठरवायला जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या तिघांनी २०१८ मध्ये प्रयोग दोन्ही प्रकारे केला. कॅमेरा नसताना परिणाम दिसला. कॅमेरा असताना दिसला नाही.

इथे वाद वर्षानुवर्षं चालू शकला असता. त्याऐवजी निकोलस कोल्स या तरुण संशोधकानं दोन्ही बाजूंना एका टेबलावर आणलं. चेहऱ्याचा मनावर परिणाम होतो असं मानणारे, मुळीच होत नाही असं म्हणणारे आणि कुंपणावरचे, अशा सगळ्यांनी मिळून प्रयोगाचा आराखडा केला. कोणता निकाल आला तर कुणी काय मान्य करायचं, हे डेटा गोळा व्हायच्या आधी ठरलं. १९ देशांतल्या ३,८७८ लोकांवर तीन पद्धती तपासल्या: तोंडात पेन धरणं, हसऱ्या चेहऱ्याच्या छायाचित्राची नक्कल करणं, आणि ओठांच्या कडा कानांकडे नेऊन गाल उचलणं. २०२२ मध्ये निष्कर्ष छापला गेला. नक्कल केली किंवा गाल उचलले तर माणसाला थोडं जास्त बरं वाटतं. पेनबाबत पुरावा कुठल्याच बाजूला पुरेसा झुकत नाही. लेखकांच्या यादीत, शेवटाकडे, फ्रिट्झ स्ट्राक यांचंही नाव आहे.

चौतीस वर्षांच्या या भांडणातून हाती काय लागलं? कल्पना बऱ्यापैकी तगली, तिच्या मूळ कसोटीचा निकाल अनिर्णित राहिला, आणि परिणाम वाटला होता त्याहून लहान निघाला. एकट्यादुकट्या प्रयोगशाळेला हे कधीच सांगता आलं नसतं. ९२ माणसांत एवढा बारीक फरक दिसतच नाही. दिसलाच तर योगायोगानं आणि फुगून दिसतो. पण ३,८७८ हा आकडाही एकटा पुरला नसता. वाद मिटला तो नियम आधी ठरले आणि विरोधकांनी मिळून ठरवले म्हणून. सगळ्यांनी मिळून डेटा गोळा करण्याची खरी कमाई मला यात दिसते.

अले, कोण आलं ते?

बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो, सूर लांबतो, शब्द बोबडे होतात. ‘अले अले, कोण आलं ते? शोनू आला का ग माझा?’ हे ऐकताना बाळ जास्त लक्ष देतं, असं अर्भकांचा अभ्यास करणारे बरीच वर्षं सांगत आले. पण हा अभ्यास फार अवघड. बाळ मध्येच रडतं, झोपतं, दुधासाठी हटून बसतं. पंधरा-वीस बाळांचा डेटा गोळा करता करता एखाद्या प्रयोगशाळेचे महिने जातात.

म्हणून स्टॅनफर्डचे मायकेल फ्रँक आणि इतरांनी ‘मेनीबेबीज’ उभं केलं. पहिल्याच फेरीत ६७ प्रयोगशाळांनी मिळून तीन ते पंधरा महिन्यांच्या २,३२९ बाळांचा डेटा दिला. प्रयोग असा: बाळ आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर. मोठ्यांच्या कानांवर हेडफोन, त्यात संगीत, म्हणजे बाळाला काय ऐकू येतंय ते त्यांना कळू नये आणि त्यांच्या नकळत बाळाला खूण मिळू नये. कधी लाडाचा आवाज वाजतो, कधी मोठ्यांशी बोलण्याचा. बाळ किती वेळ तिकडे पाहत राहतं ते मोजायचं.

लाडाचा आवाज बाळांना जास्त आवडतो, हे पक्कं झालं. पण परिणामाचा आकार आधीच्या अभ्यासांच्या बेरजेतून दिसत होता त्याच्या साधारण निम्माच निघाला. आणखी दोन गोष्टी समजल्या. बाळानं मान वळवून आवाज निवडायचा, या पद्धतीत फरक ठळक दिसतो. नुसत्या पडद्याकडे बघण्याच्या पद्धतींत फिका पडतो. म्हणजे आधीच्या काही फसलेल्या प्रयोगांचा दोष बाळांचा नसून पद्धतीचा असू शकतो. दुसरं असं की सगळ्या बाळांना उत्तर अमेरिकेतल्या आयांचं इंग्रजी ऐकवलं होतं, आणि ज्या बाळांच्या घरी तेच इंग्रजी बोललं जातं त्यांची आवड जास्त तीव्र होती. लाड कळायलाही भाषा थोडी ओळखीची लागते.

भिशीचा हिशेब

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या अ‍ॅशलंड विद्यापीठाचे क्रिस्टोफर शार्टिए यांनी एक सूचना मांडली. भौतिकशास्त्राला सर्नसारखी देशोदेशींची सामायिक प्रयोगशाळा आहे, मग मानसशास्त्राला का नको? त्यातून ‘सायकॉलॉजिकल सायन्स अ‍ॅक्सेलरेटर’ उभं राहिलं. सत्तरहून अधिक देशांतल्या शेकडो प्रयोगशाळा त्याला जोडल्या गेल्या. पण सर्नकडे महाकाय यंत्र आहे. इथे इमारतसुद्धा नाही.

याचा कारभार आपल्या भिशीसारखा चालतो. प्रत्येकानं आपापली ऐपत पाहून हप्ता भरायचा, म्हणजे पन्नास-शंभर माणसांचा डेटा. जमलेली रक्कम निवडलेल्या अभ्यासाला जाते. फरक एवढाच की इथे पाळी चिठ्ठी टाकून येत नाही: प्रस्ताव मागवतात, परीक्षण होतं, सभासद मत देतात. मग प्रश्नावल्या स्थानिक भाषांत करायच्या, त्या उलट भाषांतरून पडताळायच्या, प्रत्येक संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी काढायची, विश्लेषणाचा आराखडा आधी नोंदवायचा. ही सगळी कामं बहुतांशी बिनपगारी होतात.

पहिली पाळी चेहऱ्यांची. अनोळखी चेहरा पाहून आपण तो विश्वासू वाटतो का आणि दबंग वाटतो का, या दोन मोजपट्ट्यांवर तोलतो, असा सिद्धान्त २००८ मध्ये मांडला गेला होता. ४१ देशांतल्या ११,५७० लोकांनी तो तपासला. मूळ पद्धतीनं हिशेब केला तर सिद्धान्त जगभर लागू पडला. दुसऱ्या, जास्त काटेकोर मानल्या जाणाऱ्या पद्धतीनं केला तर प्रदेशाप्रदेशांत फरक दिसू लागले. डेटा तोच, आणि दोन्ही हिशेब आधीच जाहीर केलेले. त्यामुळे सोयीचा तेवढा हिशेब दाखवायची वाट बंद होती.

आणखी एका अभ्यासात ४५ देशांतल्या २७,५०२ लोकांना जुना नैतिक पेच घातला: बेफाम सुटलेली ट्रॉली पाच जणांना चिरडणार आहे, एकाला पुलावरून ढकललं तर पाच वाचतात. ढकलाल? आपल्या हातानं ढकलायची वेळ आली की लोक मागे सरतात, हे सगळ्या संस्कृतींत आढळलं. कुटुंबाला-समाजाला धरून राहणाऱ्या संस्कृती इथे वेगळा कौल देतील, अशी अटकळ होती. तिला ठोस आधार मिळाला नाही. आणि एक गंमत: हा पेच इतका प्रसिद्ध झालाय की तो आधीच ठाऊक असलेल्या पुष्कळांची उत्तरं काटेकोर विश्लेषणातून बाजूला काढावी लागली.

नियम करणारेही सुटले नाहीत

नोव्हेंबर २०२३ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात सुवार्ता आली. चार प्रयोगशाळांनी मिळून १६ नवे निष्कर्ष शोधले, एकमेकींचे तपासले, आणि चोख पद्धती वापरल्या तर प्रयोग पुन्हा केल्यावरही टिकतात असं दाखवलं. लेखकांत ब्रायन नोसेकही होते. टीकाकारांनी कागदपत्रं उपसली. या प्रकल्पातल्या सगळ्या विश्लेषणांची आधी नोंदणी केली होती, असं लेखात म्हटलं होतं. ते पुरतं खरं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये लेख मागे घेण्यात आला. ज्यांनी नियम घातले त्यांनाच नियम लागला. नामुष्कीच ती, पण आधीच्या व्यवस्थेत असली विसंगती कुणाला सापडलीच नसती, कारण तपासायला कागदच नसायचे.

दुसरी अडचण श्रेयाची. शेकडो लेखकांच्या यादीत एकशेबाराव्या नावाला काय मिळतं? आपल्याकडे याचं उत्तर थेट गुणांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोनहून अधिक लेखक असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला लेखाचे ७० टक्के गुण, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. सहा महिने भाषांतर, परवानग्या आणि सहभागी गोळा करण्यात घालवणारा प्राध्यापक, आणि यादीत नुसतं नाव टाकून घेतलेला, दोघांचा हिशेब सारखाच. कुणी कल्पना दिली, कुणी डेटा जमवला, कुणी विश्लेषण केलं हे नावापुढे लिहिण्याची पद्धत जगात रुळू लागली आहे. बढतीच्या फॉर्मात तिच्यासाठी रकाना नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत जुनी: प्रश्न कुणाचा? जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवलं की प्रमुख नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच तक्रारीचा मोठा लेख लिहिला. त्यातलं ठळक उदाहरण म्युलर-लायर भ्रमाचं आहे. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. अमेरिकन माणसाला एक रेघ दुसरीपेक्षा सुमारे एक-पंचमांशानं लांब केल्याशिवाय दोन्ही सारख्या वाटत नव्हत्या. कलहारी वाळवंटातल्या सान लोकांना हा भ्रम जवळजवळ होतच नव्हता. जे सगळ्या मानवजातीच्या डोळ्यांचं मानलं जात होतं, ते एका टोकाच्या समाजाचं निघालं. सहकार्याच्या नव्या प्रकल्पांत भारत, आफ्रिका, लॅटिन अमेरिका सामील झाले, पण बहुधा दुसऱ्याच्या पाळीत हप्ता भरायला. प्रश्नावली तिकडून येते, माणसं इकडून जातात.

आपल्या टेबलावरची रेघ

आणि गंमत अशी की म्युलर-लायर आपल्याकडे दरवर्षी मोजला जातो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल करणाऱ्याला ती सरकती पट्टी आठवत असेल. मैत्रिणीला सब्जेक्ट म्हणून बसवायचं, पट्टी सरकवायला सांगायची, ‘सारख्या झाल्या’ म्हणाली की मागच्या मोजपट्टीवर मिलिमीटर वाचायचे. कधी लांबीकडून आत, कधी आतून बाहेर, डावीकडून, उजवीकडून. तक्ता, सरासरी, चर्चा, निष्कर्ष. जर्नलवर बाईंची सही, परीक्षा, आणि मग बहुतेक जर्नलं रद्दीत.

एका जर्नलमध्ये एकाच सब्जेक्टचा डेटा असतो, तो एकटा काही सांगत नाही. पण किती महाविद्यालयांत, किती टेबलांवर, एकाच सूचनेनं एकच रेघ मोजली जाते! गाव-शहर, झोपडी-फ्लॅट, शेती करणारं घर आणि नोकरी करणारं घर, असं सगळं त्या वर्गांत बसलेलं असतं. चौकोनी भिंतींत वाढलेल्यांना हा भ्रम जास्त होतो का, हा या विषयातला जुना वाद. तो तपासायला लागणारी माणसं कुणी परदेशातून आणायला नकोत.

अमेरिकेत २०१३ पासून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांतूनच अशी तपासणी करणारा प्रकल्प चालू आहे. पॅसिफिक ल्यूथरन विद्यापीठाचे जॉन ग्राहे आणि सहकाऱ्यांनी तो सुरू केला. पदवीचे विद्यार्थी ठरलेला अभ्यास ठरलेल्या पद्धतीनं करतात, चुका होऊ नयेत म्हणून आधी त्यांचा आराखडा तपासला जातो, आणि सगळ्यांचा डेटा एकत्र होतो. सर्न लागत नाही, मोठं अनुदानही लागत नाही.

आपल्याकडे साधन आहे, विद्यार्थी आहेत, सही करणाऱ्या बाई आहेत. लागेल ती पाच-दहा विभागप्रमुखांची एक बैठक. कोणती सूचना वाचायची, किती वेळा मोजायचं, कुणाचा डेटा वगळायचा, वय-गाव-घर यांपैकी काय नोंदवायचं, संमती कशी घ्यायची, नावं कशी झाकायची: हे सगळं पहिली पट्टी सरकायच्या आत कागदावर यायला हवं, आणि तो कागद सगळ्यांना वाचायला मिळायला हवा. ही बैठक झाली तर पुढच्या वर्षीच्या जर्नलांतून निघणारा प्रश्न आपला असेल, आणि पाळीही आपली.